सोड

चेंडू उजवीकडून गवताला घासत आला. त्याने डावा पाय मागे खेचला, तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "सोड."

आवाज चढलेला नव्हता. पंक्तीत शेजारचा माणूस मीठ सरकव म्हणतो, तितका साधा. मैदानावर उमर काढलेल्या माणसाचे पाय कानाचं ऐकतात, डोक्याला विचारत बसत नाहीत. मागचा 'सोड' म्हणाला की पुढच्याने सोडायचं. मागच्याला जास्त दिसत असतं. त्याने पाय उचलला. चेंडू त्याच्या पायांमधून निसटला, पलीकडच्या खांबाला आतून लागला आणि जाळ्यात जाऊन गप्प बसला.

मिठी मारायला हात पसरून तो मागे वळला. मागे कुणी नव्हतं. त्यांच्या संघातला सगळ्यात जवळचा माणूस चौकटीच्या बराच बाहेर, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

कडेने पळून ज्या विंगरने चेंडू आत दिला होता, तो धावत आला. गोल त्याच्याच नावावर लागणार होता, पण त्याने हात उंचावले नाहीत. त्याने चेंडू सोडणाऱ्या स्ट्रायकरची जर्सी धरून त्याला जवळ ओढलं आणि कानाशी विचारलं, "म्हणाला का?"

"कोण?"

"म्हणाला ना? सोड म्हणून?"

संघात या स्ट्रायकरला सगळे 'पाहुणे' म्हणत. देवाने त्याला पाय दिले होते, ठाव दिला नव्हता. कुठे अर्धा मोसम, कुठे एक, कुठे दुसऱ्या कुणाचा गुडघा बरा होईपर्यंत. संघाच्या फोटोत तो कायम टोकाला उभा राही. नंतर कापायला सोपं पडतं, असं स्वतःच सांगून हसे. पण जिथे गेला तिथे गोल करून गेला. देखणे नव्हते ते गोल. गुडघ्याने, नडगीने, एकदा तर पडल्या पडल्या पाठीने. त्या गोलांवरच त्याला पुढचं गाव मिळे. ज्या मोसमात ते आटले, त्या मोसमात फोन वाजणार नाही, हे त्याला विसाव्या वर्षीच कळलं होतं, आणि आता केस विरळ झाले होते.

ड्रेसिंगरूममध्ये त्याने विषय काढला तेव्हा बूट काढणारे हात थांबले.

"सोडलंत ते बरं केलंत, पाहुणे," गोलकीपर म्हणाला. तो बोटांवरच्या चिकटपट्ट्या उलगडत होता. "तुमच्या आधी आलेल्याने ऐकलं नाही."

"मग कुठे गेला तो?"

"गेला दुसऱ्या संघात. म्हणाला, तुमच्या इथे गोलसमोर गर्दी फार."

कुणी हसलं नाही. विंगर बाकाच्या टोकाला बसून मोज्यातली माती झटकत होता. त्याला धाकटा म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊ याच संघात स्ट्रायकर होता. गेल्या मोसमात तो झोपेत गेला. आदल्या दिवशी सरावाला होता, उद्याचे बूट दाराशी काढून ठेवलेले होते.

"लहानपणी गल्लीत खेळायचो तेव्हापासूनचं आहे आमचं," धाकटा खाली बघतच म्हणाला. "मी बाजूने पळायचो, न बघता चेंडू आत टाकायचो. दादा मागून यायचा. पुढे जो कुणी असेल त्याला 'सोड' म्हणायचा, तो सोडायचा, दादा मारायचा. मला बघायची गरजच नसायची."

"आणि आता?"

"आताही नाही बघत." त्याने मोजा उलटा केला. "मला काही ऐकू येत नाही, पाहुणे. मी लांब असतो. तिथे जो उभा असतो त्यालाच येतं. म्हणून विचारलं."

पुढच्या सामन्यांत तसं पुन्हा झालं. एकदा चेंडू बचावपटूच्या नडगीला लागून आत गेला. एकदा तर नुसता रांगत, दमल्यासारखा, गोलकीपरच्या हाताजवळून गेला. सामन्यानंतर तो परका गोलकीपर पाहुण्याशी हस्तांदोलन करायला आला आणि ओशाळून म्हणाला, "तुमच्या मागचा मारणार म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिलो. कोण हो तो? त्याला अडवायला कुणीच कसं नव्हतं?"

पाहुण्याने हात सोडवून घेतला.

दर वेळी मानेवर आधी गारवा येई, मग तो शब्द. दर वेळी धाकटा धावत येई. "म्हणाला का?" पाहुणा मान हलवी आणि धाकट्याचा चेहरा असा उजळे, की आपण त्याला काहीतरी खायला घालतो आहोत असं पाहुण्याला वाटे. एकदा सरावात त्याने मुद्दाम ऐकलं नाही, सगळी ताकद लावून मारलं. चेंडू आकाशात गेला. मागे कुणीतरी हलकेच चुकचुकलं, घरचं लेकरू चुकलं की चुकचुकतात तसं.

संघ जिंकत होता. पाहुण्याच्या नावापुढे मात्र एकही गोल लागत नव्हता.

"तू स्ट्रायकर आहेस की दरवान?" कोचने एके दिवशी त्याला दारातच गाठलं. "येईल त्याला वाट करून देतोस."

"मागून आवाज..."

"मला आवाजाचं काही सांगू नकोस." कोचने इकडेतिकडे पाहिलं. "त्याला खांदा दिलाय मी. काही विचारू नकोस, मी काही सांगणार नाही. शेवटच्या सामन्यात मला तुझ्या पायाचा गोल दिसू दे. मग वर जाऊन भांडतो, याला ठेवा म्हणून. नाही दिसला तर कुठल्या तोंडाने भांडू?"

घरी बायको स्टुलावर उभी होती. इतक्या घरांत राहिले, पण तिने पडदे कधी लावले नव्हते. खिडक्यांना जुन्या चादरी अडकवून दिवस काढले होते. आज निळे पडदे लागले होते.

"मापाने शिवून घेतलेत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या खिडकीला बसायचे नाहीत. आधीच सांगून ठेवते. आणि तुमच्या लेकीला इथे एक मैत्रीण मिळालीय. भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी परत बोलणारी."

तो खाली बसला, स्टूल धरून ठेवायला. मग वर न बघता त्याने तिला सगळं सांगितलं. ती थट्टा करील असं वाटलं होतं, पण ती उतरून शेजारी बसली.

"वाईट बोलतो का तो?"

"नाही गं. रोजचं बोलल्यासारखं. आपण गेलो हे त्याला कुणी सांगितलंच नसावं, असं."

"मग सांगावं की कुणीतरी."

"धाकटा सांगू शकेल. पण तो चेंडू टाकत राहतो."

ती बोटाला पदर गुंडाळत राहिली. "जाणाऱ्याला सारखी हाक मारली, की त्याचा पाय निघत नाही हो," ती म्हणाली. "जिवाचं असंच असतं. आणि हाक मारणाऱ्याचा तरी कुठे निघतो?" मग तिने पडद्याची घडी सरळ केली. "तुम्ही आपला गोल करा."

शेवटच्या सामन्याला सकाळपासून बारीक भुरभुर होती. दुपारभर सगळे भिजत खेळले. गोल कुणाचाच झाला नाही. पाहुण्याला दोनदा पाडलं, एकदा त्याचा फटका खांबाला लागला आणि कोच दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला. खेळ संपत आला तेव्हा धाकट्याला बाजूला चेंडू मिळाला. तो पळाला, आणि न बघता त्याने तो आत टाकला, गवताला घासून, नेमका त्या जागी.

पाहुण्याने पाय मागे खेचला आणि मानेवरच्या गारव्याची वाट पाहिली.

गारवा आला नाही. शब्द आला नाही. मागे कुणीच नव्हतं. रिकाम्या घरात शिरल्यावर कळतं तसं त्याला पाठीने कळलं. समोरचा गोलकीपर थेट त्याच्याच डोळ्यांत बघत होता, एका बाजूला कललेला, आणि दुसरी बाजू सताड उघडी होती. असा गोल त्याने झोपेतसुद्धा केला असता.

नजरेच्या कोपऱ्यात धाकटा दिसला. धावत सुटलेला, तोंड अर्धं उघडं, विचारायचं ते ओठांवर तयार.

पाहुण्याने पाय उचलला.

चेंडू त्याच्याखालून गेला, सरळ गेला, खांबाच्या बाहेरून जाऊन जाहिरातीच्या फळीवर धप्पकन आपटला. सगळं मैदान एकदम कण्हलं. कोचने पाठ फिरवली आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागला.

धाकटा अर्ध्यातच धावायचा थांबला होता. उरलेलं अंतर तो चालत आला.

"म्हणाला का?"

"म्हणाला," पाहुणा म्हणाला. तो आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होता.

"सोड म्हणाला?"

"हो."

धाकट्याने मान हलवली. मग त्याने एक बोट आपल्या कानाच्या पाळीला लावलं आणि तसंच ठेवलं.

"मलाही ऐकू आलं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. अगदी इथे, कानाशी."

पाहुण्याने वर पाहिलं. 

"पण पाहुणे, चेंडू तर मी आधीच सोडला होता." धाकटा आपल्या रिकाम्या पायांकडे बघत राहिला. त्याचा आवाज लहान झाला. "मग मला काय सोड म्हणाला दादा?"

 पाहुण्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. सबंध जर्सी भिजून गार पडली होती. फक्त खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढी एक जागा कोरडी होती, आणि ऊबदार.