यादीबाहेरचे पंधरा एचपी

आत्याबाईंच्या भाचेसुनेला जुळं झालं त्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, टेस्टरने लाकूड-कारखान्यातल्या मेनच्या पेटीचं झाकण उघडलं आणि आत फुंकर मारली. इतका भुसा उडाला, की स्टूल धरून उभा असलेला भाचा खोकत मागे सरला.

"यात बी टाकलंस तर उगवेल," टेस्टर म्हणाला.

टेस्टर म्हणजे वायरमन. चाळीस वर्षं कानामागे टेस्टर खोचून फिरल्यावर लोकांनी माणूस आणि अवजार एकच करून टाकलं होतं.

भाच्याने खिशातून वाढीव विजेच्या अर्जासाठी केलेली मशीनची यादी काढली. गोल करवत पाच एचपी, रंधा मशीन साडेसात, लेथ तीन आणि आता घ्यायचं ते चारी बाजूंनी रंधा मारणारं नवीन मशीन, वीस.

"साडेपस्तीस," टेस्टरने तोंडी बेरीज केली. "गल्लीतल्या खांबावरून चाळीसपर्यंत मिळतात. त्यापुढे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आणि तो ठेवायला तुझ्याकडे डोक्यावरसुद्धा जागा नाही."

"म्हणून तर साडेपस्तीस," भाचा हसला.

टेस्टरने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे माणसापेक्षा उंच पट्टाकरवत उभी होती. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवर ताणलेला दातेरी पट्टा. आत्याबाई कानशीने त्याचा एकेक दात घासत होत्या. भाऊ गेल्यापासून कारखाना त्यांनीच चालवला होता.

"आणि ती? पंधराची आहे ना?"

भाच्याने आवाज खाली आणला. "ती आता बंदच समजा, काका. महिनाअखेर सासूबाई परत जातायत. पोरांजवळ कोणीतरी हवं. आत्याने तरी किती दिवस ओंडके ओढायचे? सव्वीस वर्षं झाली. आता तिला आराम."

"तिला विचारलंस?"

"आरामाचं काय विचारायचं?"

पट्टाकरवतीखालचा भुसा ताजा होता, ओलसर, तांबूस. टेस्टरच्या मुलांनीही त्याला मागे असाच आराम दिला होता. दोन महिन्यांत त्याने घरातला चांगला चालता पंखा तीनदा दुरुस्त केला. तिसऱ्यांदा तो कायमचा बंद पडला, तेव्हा मुलांनी स्वतःच त्याची अवजारांची पिशवी भरून त्याला परत कामावर धाडलं.

"सगळी एकदम चालव," तो म्हणाला. "किती ओढतात ते बघतो." त्याने चिमट्याचं मीटर तारेभोवती अडकवलं.

कारखान्याचा एक नेम होता. सकाळी पहिली सुरू व्हायची ती पट्टाकरवत. तिची चाकं जड. वेग धरेपर्यंत ती नेहमीच्या सहापट वीज ओढायची. ती मार्गी लागली की मगच बाकीच्यांनी बटणाला हात लावायचा. आज मात्र भाच्याने सरळ गोल करवत चालू केली, कारागिराने रंधा चालू केला. भाचेसून लेथपाशी क्षणभर कोपऱ्याकडे बघत थांबली, मग तिनेही बटण दाबलं.

"बावीस अँपिअर," टेस्टर म्हणाला.

"बघा! हे सगळं मिळून!" भाचा आवाजावर आवाज चढवून ओरडला.

आत्याबाईंनी कानस खिळ्याला अडकवली. हात पुसले.

"सूनबाई, हात काढ लेथवरून."

भाचेसुनेने हात काढला. कारागीर जुना होता. त्याने न सांगता फळी बाजूला घेतली. भाचा तेवढा करवतीपाशी तसाच उभा राहिला. आत्याबाईंनी हिरवं बटण दाबलं. जड चाकं कण्हत हलली, दिवे पिवळे पडले, मीटरचे आकडे धावत सुटले; आणि पेटीत खटकन आवाज होऊन सगळंच थांबलं.

"बंद मशीनने मेन पाडला का रे?" आत्याबाईंनी विचारलं.

कारागिराने हसू लपवायला उगाच खाली वाकून काहीतरी शोधलं.

"आत्या, तुझ्या भल्यासाठीच..."

"भलं माझं आणि यादी तुझी. छान वाटणी आहे."

"अगं, पण तुझे पंधरा धरले तर साडेपन्नास होतात! देणार नाहीत ते."

टेस्टर स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला. "नवीन मशीनला फळ्या कुठून आणणार?"

"बाजारातून. तयार."

"ओल्या देतील," आत्याबाई म्हणाल्या. "वाळल्या की वाकतील. मग तुझं मशीन वाकड्याला चारी बाजूंनी गुळगुळीत वाकडं करील."

"ही दोन मशीनं एकाच वेळी चालली पाहिजेत असं तुला कोणी सांगितलं?" टेस्टर भाच्याला म्हणाला. "मी एक बदली स्विच बसवतो. दांडा इकडे केला की पट्टाकरवत, तिकडे केला की नवीन मशीन. दोन्ही एकदम सुरू व्हायची सोयच नाही. सकाळी यांनी फळ्या चिरायच्या, दुपारी तू रंधा मारायचा. मग दोघांतलं मोठं तेवढंच धरायचं, वीस. तुझे साडेपस्तीस आहेत तिथेच राहिले."

"दुपारी मी पोरांपाशी," आत्याबाई म्हणाल्या. "मला पोरं नकोत असं कुठे म्हटलं? दिवसभर नकोत."

भाच्याने मान हलवली. मग थांबला. "आणि सकाळी कोण बघणार?"

भाचेसून लेथवरच्या साली झटकत होती.

"सकाळी ज्याचं मशीन बंद, तो," ती म्हणाली.

"मी? आणि दोघं एकदम रडली तर?"

"तर कळेल, लेथ किती शांत असतो ते."

आता कारागीर उघडपणे हसला. भाच्याने सगळ्यांकडे पाहिलं, कान चोळला आणि तोही हसला.

टेस्टरने अर्ज गुडघ्यावर ठेवून भरला. मशीनं पाच लिहिली, भार साडेपस्तीस. मग कागद भाच्यापुढे न धरता त्याने आत्याबाईंपुढे धरला. कनेक्शन त्यांच्याच नावावर होतं. हे भाचा विसरला होता. त्या विसरल्या नव्हत्या. नुसती सही नाकारली असती, तरी भाच्याचं नवीन मशीन तिथेच अडलं असतं.

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, पट्टाकरवतीच्या ओळीवर जरा थांबवलं आणि सही केली.

"स्विचचा दांडा माझ्या हाताला येईल असा लाव," त्या म्हणाल्या. "याच्या उंचीवर नको."

टेस्टर सात वर्षांनी पावसाळ्यात गेला. आत्याबाई त्यानंतर दोन वर्षांनी, थंडी सरता सरता, एका रविवारी दुपारी गेल्या.