बत्तीसशे खुणा

मंगळवारी सकाळी बाईंचा लॅपटॉप एकाएकी गोगलगायीने लाजावं इतका मंदावला. फोल्डरवर क्लिक करावं, चहा करून आणावा, पिऊन कप विसळावा, तरी तो आपला उघडतोच आहे. आतला पंखा मात्र एकसारखा घरघरत होता.

बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या. त्यांची आई जन्मापासून बहिरी. ती ज्या वसतिगृहात वाढली, तिथल्या मुलींनी आपापसात हातांची एक भाषा घडवली होती, बाहेरच्या कुठल्याच खुणांशी न जुळणारी. वसतिगृह बंद पडून जमाना झाला. नऊ वर्षं बाई सुट्टी मिळेल तशी त्या म्हाताऱ्या मैत्रिणींची घरं शोधत फिरल्या, एकेकीला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि एकेक खूण टिपली. बत्तीसशे व्हिडिओ झाले. त्यातून खुणांचा कोश करायचा होता. आमचे चेहरे इंटरनेटवर टाकायचे नाहीत, असा शब्द म्हाताऱ्यांनी घेतला होता आणि बाईंनी तो पाळला. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी कपाटातल्या हार्डडिस्कवर. मैत्रिणींपैकी आता एकटी आई उरली होती आणि तिचे हात कंपवाताने थरथरायचे.

बाईंनी दुरुस्तीवालीला फोन लावला.

"व्हायरस शिरला असेल," ती म्हणाली. "आज दुकान सोडता येत नाही हो. उद्या घेऊन या."

नवरा डोकावला. "अगं, आपल्यासारखाच म्हातारा झालाय तो. दोन पायऱ्या चढला की धाप. तू आपलं गेल्या महिन्याचं काम हार्डडिस्कवर चढवून ठेव. बंद पडला तर पंचाईत नको."

सल्ला शहाणपणाचा होता. बाईंनी कपाटातून हार्डडिस्क काढली आणि जोडली. कॉपीची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. दुपारभर त्या तिच्यापुढे बसून होत्या.

चारच्या सुमारास एक व्हिडिओ उघडेना. पाहिलं तर नावाच्या शेवटी कसलीतरी अगम्य अक्षरं चिकटलेली. शेजारच्या व्हिडिओलाही तीच. खाली खाली जात राहिल्या, सगळ्यांना तीच. मग पडदा काळा झाला आणि त्यावर धमकी उमटली: तुमच्या फायली आमच्या ताब्यात आहेत, किल्ली हवी असेल तर या पत्त्यावर लिहा.

दुसऱ्या दिवशी दुकानात दुरुस्तीवालीने दोन तास लॅपटॉप आणि हार्डडिस्क दोन्ही तपासलं. नवरा बाईंशेजारी स्टुलावर बसला होता.

"सोमवारी काही उघडलं होतंत?"

"मेल आला होता. कोशाची मुद्रितं म्हणून. उघडलं तर आत काहीच नव्हतं. म्हणून परत उघडलं."

दुरुस्तीवालीने चष्मा काढला. "बाई, हा मंदावला नव्हता. कामात होता. एकेक फाईल कुलूपबंद करत होता. तेव्हाच बंद केला असता तर निम्म्याअधिक वाचल्या असत्या. मीच फोनवर सांगायला हवं होतं."

"पण हार्डडिस्क? ती तर कपाटात होती."

"जोडलीत कधी?"

"काल दुपारी," बाई म्हणाल्या. "हा कामात होता तेव्हाच."

"मी सांगितलं तिला," नवरा म्हणाला.

त्या पत्त्यावरही लिहून पाहिलं. मेल जसाच्या तसा परत आला. पत्ता कधीचाच बंद झालेला. कुलूप घालणारे निघून गेले होते आणि कुलूप तेवढं गावभर हिंडत होतं.

"जपून ठेवा," हार्डडिस्क परत देताना दुरुस्तीवाली म्हणाली. "पुढेमागे एखादी किल्ली निघतेही." म्हणताना तिने बाईंकडे पाहिलं नाही.

घरी आईने हातांनीच विचारलं, झाला बरा? खोटं बोलायचं बाईंनी वाटेत ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. आईने सगळं समजून घेतलं. मग उठून केस विंचरले, खिडकीजवळ उजेडात खुर्ची ओढली आणि खूण केली, पुन्हा करू.

बाईंनी मोबाइल धरला. आईने पहिली खूण केली. बोटं छातीपाशी गेली आणि तिथे नुसती फडफडत राहिली. ती 'मैत्रीण' असेल, 'भूक' असेल, 'वाट पाहणं'ही असेल. तिन्ही छातीपाशीच व्हायच्या, फरक फक्त बोटांच्या ठेवणीचा. बाईंनी पुन्हा करायला सांगितली. आईने केली. आणखी एकदा केली. चौथ्या वेळी तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते मांडीखाली दाबून धरले.

"छान झालं," बाईंनी खुणेने सांगितलं आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दार लोटलं आणि ओट्यावर डोकं टेकून त्या मोठ्याने, गळा काढून रडल्या. आईला ऐकू जाणार नव्हतंच. दाराबाहेर नवरा उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं, पण दार ढकलायला त्याचा हात उचलला गेला नाही.