लाल दोऱ्याची फांदी

केदारखेड्याच्या बद्रीनाथने एकदा का एखादं झाड भेसळ ठरवलं, की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ते वाचत नसे. बियाणे कंपनीसाठी मिरचीच्या बियांचे प्लॉट करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. शेडनेटमध्ये वेगळ्या पानाचं रोप दिसलं, की ते मुळासकट उपटून बांधावर जायचं. हा कायदा मिरचीपुरता होता तोवर त्याची बायको चतुराबाई हिची काही तक्रार नव्हती. पण यंदा त्याने तो सख्ख्या मुलाला, भागवतला लावला, आणि तिचं डोकं फिरलं.

झालं असं, की दिवाळीनंतर बद्रीनाथला रक्ताचा कॅन्सर निघाला. सावकाश वाढणारा, रोजच्या गोळीने आवाक्यात राहणारा. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. हाडांच्या मगजातल्या एका पेशीत दोन गुणसूत्रं तुटली, त्यांचे तुकडे भलत्याच जागी जोडले गेले आणि एक बिघडलेलं जनुक तयार झालं. "हे जन्मानंतर घडलंय. मुलाबाळांत उतरत नाही," असंही त्या म्हणाल्या. चतुराबाईने ते वाक्य पदराला बांधून घेतलं. बद्रीनाथने मात्र परतताना एसटीतच निकाल देऊन टाकला.

"बियाण्यातच भेसळ हे. भागवतची सोयरीक मोडायची. फेल लॉट मी कधी कंपनीला दिला न्हाई, दुसऱ्याच्या पोरीला कसा देऊ?"

भोकरदनची साधना भागवतला पसंत होती, आणि भागवत तिला. शुक्रवारी जाऊन नकार कळवायचं बद्रीनाथने ठरवलं. चतुराबाई रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरून पाहिला. हा ढिम्म. या माणसाला माणसांची भाषा कळत नाही, मिरचीचीच कळते, हे शेवटी तिने मान्य केलं.

गुरुवारी सकाळी तिने न्हाणीजवळच्या लवंगी मिरचीची एक फांदी कापली. बारक्या, आभाळाकडे तोंड केलेल्या मिरच्या. प्लॉटातल्या मिरच्या लांबलचक, खाली लोंबणाऱ्या. त्यातल्या एका झाडावर, पानांच्या आड, तिने ती फांदी लाल दोऱ्याने घट्ट बांधली. नवरा बघेल, चक्रावेल, मग आपण त्याला बोलता करू, असा तिचा बेत होता.

पण नेमका त्याच दिवशी, न कळवता, कंपनीचा सुपरवायझर मुकुल तपासणीला आला आणि पहिल्यांदा त्यालाच ती फांदी दिसली.

"काका, एका झाडावर दोन जातीच्या मिरच्या? असं असलं तर प्लॉट रद्द करावा लागतो."

चतुराबाई लगबगीने त्या झाडापाशी आली. करायला गेले काय आणि झालं काय! बद्रीनाथ मात्र चवताळला.

"रद्द कसा? झाडाकडं बघा जरा, साहेब! खोड बराबर, पान बराबर, बाकीच्या फांद्या बराबर. एका फांदीचं मागून बिनसलं. मूळ बीच खराब असतं तर सगळं झाड असं निघालं असतं ना? बाकीच्या मिरच्यांतलं बी बिलकुल शुद्ध हे. एका फांदीपायी सगळा वंश बुडवता का?"

एवढं बोलून त्याने फांदी ओढली. ती दोऱ्यासकट हातात आली.

दोरा घरच्या शिवणाच्या डब्यातला होता, हे त्याने लगेच ओळखलं. चतुराबाई वरची जाळी निरखत उभी होती.

"साहेब," बद्रीनाथ दमाने म्हणाला, "भेसळ प्लॉटात न्हाई. माझ्या घरात हे, तीस वर्षांपासून."

मुकुल पोट धरून हसला. तरी त्याने एकेक ओळ पुन्हा तपासली आणि मगच प्लॉट पास करून गेला.

"हे तुझंच काम ना?" बद्रीनाथने विचारलं.

"दोरा माझा," चतुराबाई म्हणाली. "पण आत्ता बोललं कोण? भागवत झाला तवा तुम्ही तिशीत होते. फांदी बिनसली साठीला टेकल्यावर."

बद्रीनाथने फांदी उलटीपालटी करून पाहिली. मग बांधावर न फेकता ती दोऱ्यासकट खिशात घातली.

शुक्रवारी तो भोकरदनला निघाला तेव्हा चतुराबाई न विचारता एसटीत त्याच्या शेजारी जाऊन बसली. साधनाच्या वडिलांना, भुजंगरावांना, त्याने पाणी प्यायच्या आधीच आजार सांगून टाकला. भुजंगरावांचा चेहरा उतरला.

"जनुकाचा आजार म्हणल्यावर... पुढच्या लेकराबाळांचं काय?"

बद्रीनाथने खिशातून कोमेजलेली फांदी काढली आणि ती पेशी, ते तुकडे, जन्मानंतर घडलेलं सगळं डॉक्टरीणबाईंच्याच शब्दांत सांगितलं. एक अक्षरही गाळलं नाही. चतुराबाई बघतच राहिली. म्हणजे याने सगळं ऐकलं होतं तर! ऐकूनही भ्याला होता. पोराला काही वाईट देऊन जाऊ, या भीतीने त्याचे कान बंद झाले होते. तिला त्याची फार माया आली, आणि अबोल्याचे दोन दिवस उगाच वाया घालवल्याचं वाईट वाटलं.

दारात उभ्या साधनाने विचारलं, "मामा, गोळी रोज घेता ना पण?"

"न घेऊन सांगतो कोणाला?" बद्रीनाथने चतुराबाईकडे बोट दाखवलं. "ही मला दोऱ्यानं खाटंला बांधंल."

भुजंगराव आधी गालातल्या गालात हसले, मग मोठ्याने. चतुराबाईने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या हातातली फांदी घेऊन तिचा लाल दोरा सोडवायला लागली.

"साधना," भुजंगराव म्हणाले, "भिंतीवरचं कॅलेंडर आण."