दोन पायांवरची धार

या, असे पुढे सरका. उन्हाची ती तिरीप सोडा आणि इकडे सावलीत या. पाठ टेकायची असेल त्याने खुशाल टेकावी, ही गोष्ट टेकूनच ऐकायची आहे. एका गुडघ्याची गोष्ट सांगतो. भजनात माझा आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही, दुसऱ्या कडव्यालाच दम लागतो. पण गोष्टीपुरता श्वास त्या दयाळाने अजून ठेवला आहे.

गुडघा माझ्या दाजींचा, वंकाभांचा. माझी थोरली बहीण लखी त्यांना दिली होती. कच्छात, रणाच्या कडेला आम्हा रबारींचा वांढ आहे. वीस-बावीस झोपड्यांची वस्ती आणि माणसांहून जास्त उंट. चाळीसहून जास्त वर्षं दाजींनी आणि मी एकाच सांडणीच्या, म्हणजे उंटिणीच्या, दोन बाजूंना उभं राहून धार काढली. त्या बाजूचे दोन सड त्यांचे, या बाजूचे दोन माझे. आधी पिल्लू लावायचं, पान्हा फुटला की त्याला बाजूला ओढायचं आणि दोघांनी लगेच हात चालवायचे. सांडणी फार वेळ थांबत नाही. पान्हा चोरला की त्या वेळेचं दूध गेलं.

आता सांडणीची कास एवढी उंच, की बसून धार काढता येत नाही. आणि दुधाची कासंडी जमिनीला टेकवायची नाही, हा आमचा वाडवडिलांपासूनचा नेम. जे दूध मातेने दिलं ते मातीत ठेवायचं नाही. मग कासंडी ठेवायची कुठे? तर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचं पाऊल त्या पायाच्या गुडघ्यावर टेकवायचं आणि जी मांडी आडवी होईल तिच्यावर कासंडी. दोन्ही हात मोकळे. बगळ्यासारखं. वांढातली पोरं चालायला लागली की हेच खेळतात.

आमचं सगळं बोलणं सांडणीच्या पोटाखालून व्हायचं. सोयरिकी तिथे जुळल्या, भांडणं तिथेच झाली. तोंडं दिसत नसत. मला दिसायचा तो दाजींचा जमिनीवरचा एक पाय, उजवा. त्या पायावरून मला कळायचं, आज माणूस खुशीत आहे की घरी काही ऐकून आला आहे.

पूर्वी दूध असं कितीसं काढत होतो? चहापुरतं, पाहुण्यापुरतं, चारणीला गेलेल्या माणसाच्या पोटापुरतं. चार सांडण्या झाल्या की हात धुतले. मग एके वर्षी दुधाची गाडी सडकेवर यायला लागली. सांडणीचं दूध शहरात औषध म्हणून पितात म्हणे. आनंदच झाला सगळ्यांना. चाराच्या वीस झाल्या. सकाळी वीस, संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच. पण उभं राहण्याची रीत तीच राहिली. जी रीत चार कासंड्यांसाठी होती, ती आम्ही चाळिसांना लावली, आणि वांढात एकाच्याही डोक्यात आलं नाही की पाय मात्र तोच आहे.

हिवाळ्यात तो उजवा पाय थरथरायला लागला. पहिल्या पाच-सहा सांडण्यांपर्यंत ठीक असे. दहावीला पोटरी नाचायची. पंधरावीला दाजी गप्प व्हायचे.

मी पोटाखालून विचारलं, "दाजी, पाय बदला की."

"सांडणीला सवय या बाजूची आहे. कासंडी उजवीकडे गेली तर ती मला ओळखायची नाही."

"मग मधे जरा बसा."

"तू बस. तुझी बहीण तुला बसवूनच जेवायला वाढते ना, तिथे बस."

असे दाजी. दुखणं विचारलं की चेष्टा करायची.

घरी लखी एरंडाची पानं गरम करून ठेवायची. ते बांधू देत नसत. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "हमीर, त्यांना सांग. मी बोलले की भिंतीशी बोलल्यासारखं होतं. भिंत निदान माझ्याकडे तोंड करून असते."

फाल्गुनातल्या बिजेला, म्हणजे शुद्ध द्वितीयेला, गावोगाव कथा गाणारे मूळजी भगत आले. बिजेच्या संध्याकाळी आमच्याकडे देवाचा ध्वज घेऊन वांढाभोवती फेरी निघते; पुढे ध्वज, मागे झांजा, आणि ढोलक गळ्यात अडकवून मी. फेरी संपली की भगत आख्यान लावतात. काय गळा त्या माणसाचा! मी उभ्या जन्मात साखरेपेक्षा गोड काही खाल्लं असेल तर ते भगतांच्या तोंडून, कानाने. त्या दिवशी त्यांनी एका पायावर उभं राहून तप करणाऱ्या तपस्व्याची कथा लावली. पाऊस आला, वारा आला, पायाला वारूळ लागलं, पण पाय खाली टेकला नाही. टेकला नाही, टेकला नाही, असं भगत गात गेले आणि माझ्या ढोलकाच्या वाद्या ताणून ताणून बोलल्या. दाजींच्या डोळ्यांतून धारा.

दुसऱ्या दिवशी पोटाखालून आवाज आला, "हमीर, ऐकलंस ना काल?"

"ऐकलं की."

"मला वाटत होतं पाय दुखतो. पाय दुखत नाही रे. वर पोचतंय ते."

मी हसलो. मला वाटलं, चेष्टाच. ती चेष्टा नव्हती हे मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षं एकच पाय बघत आलेल्या माणसाला नाही कळणार तर कुणाला? पण मीही त्याच कथेला डोललो होतो. त्यानंतर पाय सुजला की दाजींना उलट समाधान वाटायचं. जनावरांचा डॉक्टर लस टोचायला आला होता, तो म्हणाला, "काका, एवढ्या सांडण्या एका पायावर? तुमच्याआधी तुमचा गुडघा निवृत्त होईल." दाजी म्हणाले, "तुम्ही उंटाचं बघा."

चैत्रात एका सकाळी मोरडी नावाच्या सांडणीखाली आम्ही होतो. मोरडी म्हणजे उंच, तापट, नुकतीच व्यालेली. तेरावी की चौदावी असेल ती. पिल्लू जरा लांब गेलं म्हणून तिने अंग हलवलं. एवढंच. रोज हलवतात. पण त्या दिवशी दाजींचा गुडघा वाळकी काटकी मोडावी तसा वाजला आणि कासंडीसकट ते तिच्या पोटाखाली कोसळले.

मोरडीने बिचकून मागचा पाय उचलला. खाली दाजींची छाती. मी या बाजूला, माझ्याही मांडीवर भरलेली कासंडी, मीही एका पायावर. देवाची शपथ, मला पाय खाली ठेवायला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कशाला लागला नाही. त्या मुक्या जनावराने उचललेला पाय तसाच हवेत धरला. तीन पायांवर थरथरत उभी राहिली. मी दाजींना दंडाला धरून बाहेर ओढलं, तेव्हा कुठे तिने पाय टेकला.

दाजी रडत होते. मला वाटलं, कळ. ते म्हणाले, "दूध जमिनीवर सांडलं रे."

भुजच्या दवाखान्यात गुडघ्याला पट्टा बांधला. आतली गादी फाटली, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तीन महिने उभं राहायचं नाही आणि एका पायावर तर यापुढे कधीच नाही. दाजींचा मुलगा गांधीधामहून आला. ट्रकवर असतो तो. म्हणाला, "बापा, विकून टाकू सांडण्या. धार काढणार कोण? मामा एकटे किती काढतील?" खाटेवरून दाजींना सांडण्यांच्या गोठाणाची कड दिसत असे, तिकडे पाठ करून निजले. उंटाशिवायचा रबारी म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगू. लखी म्हणायची, जेवण अर्धं परत येतं.

मीही थकलो होतो. एकट्याने धार काढायची म्हणजे आधी या बाजूने, मग पळत त्या बाजूने, तोवर पान्हा आटलेला. माझ्याही गुडघ्यात सुई टोचायला लागली होती. रात्री पाय सरळ करायला हाताने धरावा लागे. आठवड्याभरात मी निम्म्या सांडण्या नुसत्या पिल्लांवर सोडल्या.

वैशाखातल्या बिजेला भगत पुन्हा आले, ते सरळ दाजींच्या खाटेशी. मी ढोलक गळ्यात घेऊन मागे उभा. लखी डोक्यावरचं ओढून दाराशी.

दाजी म्हणाले, "भगत, माझं तप मोडलं."

"कसलं तप?"

"एका पायाचं. तुम्ही गायलं होतं ते. मी बारा महिने तरी काढणार होतो."

भगतांचा चेहरा असा उतरला की मला त्यांचीच दया आली. ते खाली मातीतच बसले. "अरे वेड्या," ते म्हणाले, "त्या तपस्व्याच्या मांडीवर कासंडी होती का? पोटाखाली होता का तो कुणाच्या? आणि मी ती कथा सांगतो कसा, बघितलंस ना? लोडाला टेकून! मधे दोनदा चहा पिऊन!"

दाजींच्या ओठाची कड हलली.

"शेवट ऐकला नाहीस तू. माझीच चूक, त्या दिवशी गळा बसला म्हणून मी शेवट उरकला. देव समोर आला, तेव्हा पहिला शब्द काय बोलला? वर माग नाही म्हणाला. म्हणाला, 'बस आता, बाळा.' आधी बसवलं त्याला. पाय चेपले. मग वर."

मग दाजी म्हणाले, "बसलो तर कासंडी कुठे ठेवू, भगत? जमिनीवर?"

दाराशी उभी असलेली लखी तेवढ्यात म्हणाली, "हमीर, तुझा ढोलक जमिनीला टेकतो का रे?"

"नाही. फेरीत कसा टेकेल?"

"मग तो तू एका पायावर उभा राहून वाजवतोस का?"

आम्ही तिघे पुरुष तिच्याकडे बघत राहिलो. आमच्यात बायका सांडणीच्या सडाला हात लावत नाहीत. धार काढणं पुरुषांचं. लखीने जन्मभर ते वीस हातांवरून बघितलं, शेणाची पाटी डोक्यावर घेऊन. आणि माझ्या गळ्यात ढोलकाचा तो पट्टा चाळीस वर्षं लोंबत होता. संध्याकाळी ढोलक पट्ट्यात, सकाळी कासंडी मांडीवर. माझ्या हाताला दोन्ही ठाऊक, आणि डोक्याला एकही नाही.

तिने माझ्या गळ्यातून पट्टा काढला. भगतांसमोर नाही कसं म्हणणार? उंटाच्या केसांची, खोगीर आवळायच्या तंगाची जुनी पट्टी तिने त्याला जोडली आणि कासंडी बसेल असं कडं विणलं. पहिल्या दिवशी ते गळ्यात घालून मी मोरडीजवळ गेलो तर ती बघूनच लांब पळाली. दुसऱ्या दिवशी कासंडी हिंदकळून दूध माझ्या धोतरावर. मान आखडली. लखीने पुन्हा सोडवलं, पट्टा दोन्ही खांद्यांवरून घेतला, एक बंद कमरेला लावला. वांढातले लोक हसायचे. "हमीरभा, लग्न कुणाचं? ढोल कशाला निघाला?" लाज वाटायची मला. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून धार काढताना चोरी केल्यासारखं वाटायचं. आठ-दहा दिवसांनी लक्षात आलं, सुई टोचत नाही.

श्रावणात दाजी काठी टेकत आले. मुलगा सांडण्या विकत घेणारा माणूस घेऊन यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी. लखीने त्यांच्या मापाचा वेगळा पट्टा करून ठेवला होता. दाजींनी तो बराच वेळ हातात धरला, मग गळ्यात घातला. मोरडीच्या पोटाखालून मी बघितलं. पलीकडे दोन पाय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोन.

"काय बघतोस साल्या?" आवाज आला.

"तुम्हाला दुसरा पाय आहे हे आज कळलं, दाजी."

चार सांडण्या झाल्या. पाचवीला जाताना ते थांबले. ते स्वतःच काठी घेऊन दगडावर जाऊन बसले. म्हणाले, "आजच्याला चार." दुसऱ्या दिवशीही चार. त्यापुढे कधी गेलेच नाहीत. गाडीवाल्याला सांगितलं, आमच्याकडून आता थोडंच मिळेल. सात सांडण्या ठेवल्या, चार दुभत्या आणि तीन गाभण, बाकीच्या चुलतभावाच्या कळपात चरायला सोडल्या, नजरेच्या टापूत राहतील अशा. विकल्या नाहीत. गुडघा वाकला तो शेवटपर्यंत पुरता सरळ झाला नाही; पावसाच्या आधी ठणकायचा. अशीच नऊ वर्षं धार काढली त्यांनी.

आता आमच्या बाजूच्या पाच-सहा वांढांत तो पट्टा गेला आहे. पोरं त्याला वंकाभाचा पट्टा म्हणतात. दाजी असताना हसून म्हणायचे, "माझा कुठला? मी फक्त पडलो." पण लोकांच्या तोंडी बसलं ते बसलं.

लखी गेली दोन वर्षांपूर्वी, थंडीत. तिची बोटं शेवटी विणण्याने वाकडी झाली होती, आणि त्यासाठी आमच्यापैकी कुणी काही शोधून काढलं नाही, मीसुद्धा नाही. आता ऊन कलतंय, सांडण्या येतील. तुम्ही उठाल, आपापल्या कामाला लागाल. कधी पाठ भरून आली, पाय सुजला आणि वाटलं की सोसणं म्हणजेच पुण्य, तर एवढं करा: आधी बसा, आणि सडाला कधीही हात न लावलेल्या माझ्या लखीबेनला एकदा आठवा.