एका गाण्याची तीन नावं

एव्हारिस्तो कुणाला गाण्याचं खरं नाव सांगत नसे. आफ्रिकेहून येणारे खलाशी त्याच्यासाठी तबकड्या आणत. तबकडी हातात पडली की तो आधी दाढीच्या पात्याने तिच्यावरचा कागद खरवडून काढी आणि मगच ती ऐके. गायक कोण, देश कोणता, भाषा कोणती, कशाकशाचा पत्ता लागू देत नसे. मग आपल्या मनाने तो गाण्याला एखादं नाव ठेवी आणि अर्धं कार्ताहेना शहर त्याच नावाने ते गाणं मागे. त्याचा पिको, म्हणजे दोन पुरुष उंचीचं, भडक रंगवलेलं भोंग्यांचं कपाट, 'काणी मगर' म्हणून ओळखला जाई. गल्ल्यागल्ल्यांत पिको होते, पण काण्या मगरीकडे जी गाणी होती ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. सगळा धंदा त्यावरच उभा होता.

असा माणूस मे महिन्यात याडिरिसला म्हणाला, "मंगळवारी सकाळी ये. तुला शिकवतो." तेव्हा आनंद व्हायच्या आधी तिच्या मनात पाल चुकचुकली.

याडिरिस सत्तावीस वर्षांची. रविवारी दुपारी नाचाच्या अंगणाबाहेर ती आईबरोबर कढई मांडून अंड्याच्या आरेपा, म्हणजे आत अंडं भरलेल्या मक्याच्या जाड पुऱ्या, तळायची.

"मलाच का, माएस्त्रो?"

"गाणं संपायच्या आधी तू आरेपा तेलात सोडतेस," तो म्हणाला. "लोक घामाघूम होऊन बाहेर येतात तेव्हा ताट तयार. गाणं अगदी नवं असलं तरी. ते कधी संपणार हे तुला कसं कळतं?"

"ऐकू येतं."

"तेच म्हणतोय मी."

आईला, कान्देलारियाला, हे काही पटलं नाही. "तीस वर्षांत त्याने सख्ख्या भाच्याला सुईला हात लावू दिला नाही. आणि तुला शिकवतो? पोरी, कुठंतरी पाणी मुरतंय."

"अगं, म्हातारा झालाय तो."

"मगर म्हातारी झाली म्हणून काय पालेभाजी खाते?"

पहिले तीन मंगळवार कान्देलारिया स्वतः खुर्ची घेऊन गेली आणि एव्हारिस्तोच्या फाटकात शेंगा सोलत बसली. वावगं काहीच दिसलं नाही. त्यामुळे तर तिचा संशय आणखीच वाढला.

एव्हारिस्तो शिकवायचा मात्र मन लावून. याडिरिसला यंत्राकडे पाठ करून उभं करायचा आणि सुई गाण्यात कुठे टेकली ते विचारायचा. एक गाणं ओसरत असताना दुसरं त्याच्या पोटातून कसं वर आणायचं, शेवटी नुसता ताल उरतो तेव्हा हात कसा आवरायचा, हे त्याने पन्नासदा करून घेतलं. "लोक तिथेच वेडे होतात," तो म्हणे. "तिथे घाई केलीस की मेलीस." एकदा तिने डावीकडचं यंत्र गाणं किंचित ओढतंय असं सांगितलं. तो हसला. ऑगस्ट संपता संपता त्याने त्यात नवा पट्टा बसवून घेतला.

पण तबकड्यांच्या कपाटाला कुलूप असे आणि किल्ली त्याच्या गळ्यात, चर्चमधल्या माउलीच्या पदकाशेजारी. याडिरिस निघाली की तो तिच्या पिशवीकडे बघे. उघडून नाही, नुसतं बघे. मग ती पिशवी घरीच ठेवून येऊ लागली. त्या घरात तिच्याशी मोकळं बोलणारा एकच होता, भाचा नेमेसिओ. पस्तिशीचा, वायरी आणि भोंगे सांभाळणारा. तो तिला गुळाचं लिंबूपाणी आणून देई आणि डोळे मिचकावून म्हणे, "मामाचा पहिला वाढदिवस होता ना, तेव्हाही त्याने केक मोजून घेतला असेल."

सप्टेंबरात एव्हारिस्तोने एक तबकडी काढली. जुलैत आली होती, म्हणाला, पण अजून कुणी ऐकलेली नाही. याडिरिसने ती ऐकली आणि तिच्या दंडावर काटा आला. दोन गिटारी नळावरच्या बायकांसारख्या एकमेकींवर धावून जात होत्या आणि खाली ढोल शांतपणे आपलं काम करत होता.

तो तिच्या कानाशी वाकला. "हिचं नाव 'आंधळी सासू'. नोव्हेंबरच्या उत्सवात तू वाजवायची. तोवर आईलासुद्धा सांगायचं नाही."

तिने सांगितलं नाही. नेमेसिओ छपरावर भोंगा जोडत असताना अंगणात उभं राहून घोषणा करायचा सराव मात्र केला, कारण एव्हारिस्तो झोपाळ्यातून ओरडत होता, "जोरात! उत्सवाला काय भिंतीशी बोलणार आहेस?"

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, काणी मगर सुरू व्हायच्या आधी, ती आरेपा तळत होती. चार गल्ल्या पलीकडून वाऱ्याबरोबर गाणं आलं. दोन गिटारी, खाली ढोल. तिच्या हातातला झारा तसाच राहिला. तिकडे 'आर्चबिशप' नावाचा पिको लागला होता आणि त्याचा मालक रुबिएल माइकवर ओरडत होता, "ऐका, कार्ताहेनावाल्यांनो! 'आंधळी सासू'! फक्त आर्चबिशपकडे!"

सोमवारी सकाळी एव्हारिस्तो याडिरिसच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"या गाण्याची मी तीन नावं ठेवली होती," तो शांतपणे म्हणाला. "खलाशाला सांगितलं 'वादळ'. नेमेसिओला सांगितलं 'केळेवाली'. 'आंधळी सासू' फक्त तुला."

"म्हणजे तुम्ही मला सापळा लावला होता?"

"सगळ्यांनाच लावला होता. अडकलं कोण?"

"मी कुणालाही बोलले नाही. माउलीची शपथ."

"बाजारात शपथा चिक्कार मिळतात," तो म्हणाला आणि निघून गेला.

गल्लीत दुपारपर्यंत बोभाटा झाला. तळलेलं घ्यायला आलेली माणसं तिच्याकडे बघून हळू आवाजात बोलत. याडिरिसला स्वतःचाच भरवसा वाटेना. आपण झोपेत बरळलो का? शेवटी तिने आईलाच विचारलं, "तू कुणाला बोलली नाहीस ना?"

कान्देलारियाने पीठ मळणं थांबवलं. "मला त्या गाण्याचं नाव काल कळलं, आर्चबिशपच्या भोंग्यातून. त्या म्हाताऱ्याने दिलेलं शिक्षण पुरं झालं म्हणायचं. आता तूही पिशव्या तपासायला लागलीस."

याडिरिस शरमली. पण शरमेने संशय जात नाही.

बुधवारी ती बासुर्तोच्या बाजारात रुबिएलच्या तबकड्यांच्या दुकानात गेली. तिला बघताच तो दिलखुलास हसला.

"या बाई! तुमचीच वाट बघत होतो. आमच्याकडे वाजवणार का?"

"गाणं तुला कुणी दिलं?"

"आमच्यात या, मग सांगतो."

"आणि नाव? तेही त्यानेच दिलं?"

रुबिएल खुर्चीत मागे रेलला. "म्हातारा प्रत्येकाला वेगळं नाव सांगतो हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. देणाऱ्याने विचारलं, कुठलं नाव पुकारणार? मी म्हटलं, तूच सांग, राजा." मग आपण जास्त बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो उगाचच तबकड्यांवरची धूळ पुसू लागला.

बसमध्ये तिला छपरावरचा नेमेसिओ आठवला. घोषणेतलं नाव त्याच्या कानावर पडलं असणार. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आणि तिच्या शब्दाला आता कोण विचारणार?

पुढच्या रविवारी ती आर्चबिशपच्या नाचाला गेली. नाचली नाही. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभी राहिली. गाणं लागलं तसं तिला जाणवलं की ते दमल्यासारखं चाललंय. गिटारी अर्धा स्वर खाली होत्या आणि दर काही तालांनंतर सगळं गाणं जरासं झोल खात होतं. हा झोल तिने जूनमध्ये ऐकला होता. रुबिएलकडे तबकडी नव्हतीच, टेपची फीत होती. ती फीत एव्हारिस्तोच्या डावीकडच्या यंत्रावरून, पट्टा बदलायच्या आधी उतरवलेली होती. तेव्हा ते गाणं जगात आहे हेसुद्धा याडिरिसला ठाऊक नव्हतं.

ती तशीच तरातरा एव्हारिस्तोकडे गेली. तो अंगणात एकटाच कॉफी पीत होता. तिने सगळं सांगितलं. पट्टा, ऑगस्ट, फीत, छप्पर.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मीही ऐकलं त्या रविवारी. माझं यंत्र मला ओळखू येणार नाही? पहिल्या कडव्यातच कळलं."

"आणि तरी सोमवारी तुम्ही माझ्या दारात आलात?"

एव्हारिस्तोने कप खाली ठेवला. "नेमेसिओ माझ्या बहिणीचा मुलगा. ती याच घरात राहते, मला जेवायला वाढते. त्याला चोर म्हटलं तर हे घर फुटतं. तू गेलीस तर काही फुटत नाही."

"मी फुटते, माएस्त्रो."

"तू तरुण आहेस," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

ती रडली नाही. तेवढ्यात तिला फाटकाशी नेमेसिओ दिसला. त्याने सगळं ऐकलं होतं बहुतेक, कारण त्याने डोळे मिचकावले नाहीत, बाजूला सरून तिला वाट दिली. त्या वर्षी नोव्हेंबरच्या उत्सवात याडिरिस कढईपाशीच होती.

रुबिएलकडेही ती गेली नाही. जो एकाचं चोरून वाजवतो तो उद्या आपलंही चोरील, एवढा हिशेब तिला कळत होता. तिने एका मोडक्या पिकोचे दोन भोंगे मिळवले आणि बारशांना, शाळेच्या जत्रांना, समुद्रकाठच्या सहलींना भर उन्हात वाजवायला सुरुवात केली. दुर्मीळ तबकड्या तिच्याकडे नव्हत्याच. सगळ्यांकडे असलेलीच गाणी ती अशी एकात एक गुंफायची की आयाबाया मुलांना कडेवर घेऊन नाचायच्या. बाई पिको चालवते म्हणून लोक आधी हसायला आले, मग नाचायला. दोन वर्षांत तिचं नाव झालं, चौथ्या वर्षी थेट बारांकिया शहरातून बोलावणं आलं. वायरी मात्र ती स्वतःच जोडायची. मदतीला कुणी आलं की म्हणायची, "नको, मी बघते." माणसं टिकत नसत तिच्याकडे. कान्देलारिया म्हणायची, "तुझ्यापेक्षा पोलीस बरे. निदान रविवारी सुट्टी घेतात."

पाचव्या वर्षी एका रविवारी तिला गर्दीच्या कडेला एव्हारिस्तो दिसला. हातात बाटली, नजर तिच्या हातांवर. गाणी चोरायला आला, तिला वाटलं. तिने तबकड्यांच्या खोक्यावर टॉवेल टाकला. तो पुढच्या रविवारीही आला, त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी तो जवळ आला.

"मगर आता नेमेसिओकडे आहे," तो म्हणाला. "मला हात लावू देत नाही. म्हणतो, मामा, तुमचे हात थरथरतात."

"थरथरतात?"

त्याने हात पुढे धरले. थरथरत होते, थोडे.

"माझ्याकडून काय पाहिजे?"

"एक तास. कुठलाही."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. खरं बोलतोय की यातही काही आहे, ते तिला कळेना. हे काही कानाने ओळखता येण्यासारखं नव्हतं.

"दुपारी एक ते दोन," ती शेवटी म्हणाली. "कडक ऊन असतं, कुणी येत नाही. तबकड्या माझ्या. मी शेजारी उभी राहीन."

"जेवणार नाहीस?"

"उभ्याने जेवेन."

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधीच आला. याडिरिस हातात भाताची ताटली घेऊन त्याच्या कोपराशी उभी राहिली आणि घास घेताना सुद्धा त्याच्या बोटांवरून तिने नजर हटवली नाही. त्याला वाईट वाटलं असेल, पण तिने विचारलं नाही. त्याने सुई टेकवली. सुईने थोडी उडी मारली, मग बसली. अंगणात तीन माणसं होती. त्यातली दोन नाचायला उठली.