छोट्या खिशातला निळा खडू

मित्रांनो, माझ्या तळाशी जो काळा डाग दिसतो आहे, त्याकडे पाहून नाक मुरडू नका. तो प्रिंटरच्या शाईच्या भुकटीचा आहे आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही. मी एक जुनी सॅक आहे, डोंगरात पाठीवर घेऊन जातात तशी. माझा रंग हिरवा होता. आता त्याला हिरवा म्हणायचे की करडा, ते ज्याने त्याने ठरवावे. आत्ता आम्ही जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर जरा टेकलो आहोत. मला पाठीवर घेणारे गृहस्थ दम खात आहेत, तेवढ्या वेळात माझी हकीगत सांगून घेते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे चाळीस शिलाई यंत्रे दिवसभर खडखडत असत. मला शिवणाऱ्या बाईंनी माझ्या पट्ट्यांवर एक शिलाई जास्तीची मारली. शेजारणीने विचारले, "कशाला गं? सांगितलीय का कुणी?" त्या म्हणाल्या, "डोंगरात पट्टा तुटला तर माणसाने कुणाला हाक मारायची?" ती शिलाई आजही जागची हललेली नाही.

दुकानात मला घ्यायला आई आणि मुलगी अशा दोघी आल्या. मुलगी नोंदणी कार्यालयात संगणक दुरुस्तीचे काम करायची. तिथे सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणते. आई शाळेत भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांना शाळा सुटली तरी सगळे बाईच म्हणत. बाईंनी माझी प्रत्येक चेन तीन तीनदा उघडून पाहिली, आत डोके घालून शिलाई तपासली आणि निकाल दिला, "तळ्यावर न्यायला हीच."

हे तळे उंच डोंगरात आहे, चार दिवसांच्या पायवाटेवर. तीस वर्षे बाईंनी ते फळ्यावर निळ्या खडूने काढले होते. गोल गरगरीत तळे आणि मधोमध एक बेट. स्वतः मात्र कधी पाहिले नव्हते. शाळेच्या शेवटच्या दिवशी निळ्या खडूचा एक तुकडा त्यांच्या हातातच राहून गेला होता. तो त्यांनी माझ्या छोट्या खिशात टाकला, चेन लावली आणि ताईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाल्या, "हा तिथेच काढायचा." जन्मल्यावर मला मिळालेले हे पहिले काम. मी ते मनावर घेतले.

सोमवारी सकाळी ताईच्या ऑफिसच्या बॅगेचा बंद तुटला. "आजच्या दिवस हिला नेते," ती म्हणाली. तो आजचा दिवस पुढे चार वर्षे चालला.

डोंगरासाठी शिवलेली मी टेबलांखाली दिवस काढू लागले. जिथे तंबूच्या काठ्या राहायच्या तिथे वायरींची भेंडोळी आली. गरम कपड्यांच्या जागी जास्तीचे माऊस, स्क्रू ड्रायव्हर आणि धूळ झाडायचा ब्रश आला. त्या कार्यालयात जन्माचे, लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले मिळत. खिडक्यांबाहेर सकाळपासून रांग लागे. एक संगणक बंद पडला की रांग कुरकुरू लागे आणि तिन्ही मजल्यांवरून एकच हाक येई, "ताई!"

मी टेबलाखाली असल्यामुळे ताईला दिसत नसे ते मला दिसे. तीन नंबरच्या खिडकीवरच्या मॅडम रोज दुपारी संगणकाची पिन काढून तिथे आपला मोबाईल चार्जिंगला लावत. मग घाबरीघुबरी हाक, "ताई, बंद पडलं हो! मी काहीच केलं नाही!" हे 'मी काहीच केलं नाही' मी दिवसातून दहा वेळा ऐके. मोठे साहेब पासवर्ड विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहीत आणि मग चिठ्ठी कुठे ठेवली ते विसरत. वरच्या मजल्यावरच्या एका कारकुनाने फायलींचा गठ्ठा कीबोर्डवर ठेवला. स्क्रीनवर आपोआप अक्षरे उमटताना पाहून तो खुर्ची सोडून थेट जिन्यापर्यंत गेला होता.

ताई चिडत नसे असे नाही. पण चिडली तरी ती एवढेच म्हणे, "सरका, मी करते." माऊस आपल्या हातात घेई, दोन मिनिटांत काम उरकी आणि पुढच्या हाकेला धावे. कौतुकाला तोटा नव्हता. "ताई आहे म्हणून निभावतंय," असे सगळे म्हणत. मला ते ऐकून फार बरे वाटे. इतके, की कधी कधी तळ्याची आठवणही येत नसे. हे मी आज कबूल करते.

दुसऱ्या वर्षी एकदाची ताईची सुट्टी मंजूर झाली. माझ्या पोटातून वायरी बाहेर निघाल्या आणि तंबू आत गेला. निघण्याच्या आदल्या दिवशी, आपल्या माघारी काही अडू नये म्हणून ताईने एकेक संगणक साफसूफ केला. स्क्रीनवरच्या कचरापेट्याही रिकाम्या केल्या. सकाळी आम्ही बसस्टँडवर पोहोचलो. बस लागली. बाईंनी एक पाय पायरीवर ठेवला, तोच ताईचा फोन वाजला.

कार्यालयाचे हेडक्लार्क बोलत होते. त्यांना सगळे काका म्हणतात. काका रडकुंडीला आले होते. "ताई, माझ्या अकरा महिन्यांच्या नोंदी गेल्या!"

"कुठे ठेवल्या होत्या, काका?"

"त्या कोपऱ्यातल्या डब्यात."

ताईला क्षणभर उमगेना. "म्हणजे कचरापेटीत? काका, कामाच्या नोंदी कचरापेटीत का ठेवता?"

"अहो, ती कोपऱ्यात असते, हाताशी. आणि कचऱ्यात कोण हात घालतंय? म्हटलं, सुरक्षित राहतील."

बाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला. बस आमच्या देखत निघून गेली. नोंदी परत मिळवायला ताईला सहा दिवस लागले आणि तोवर वरची वाट बर्फाने बंद झाली. घरी आल्यावर बाईंनी माझ्यातले कपडे काढून घडी करून ठेवले. छोटा खिसा मात्र त्यांनी उघडला नाही.

पुढच्या वर्षी साहेबांनी अर्जावर सहीच केली नाही. "तुम्ही गेलात तर इथे कोण बघणार?" असे ते हसत म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी ताईने अर्जही केला नाही. त्याच सुमारास प्रिंटरच्या शाईचा डबा माझ्या पोटात फुटला आणि मी आतून बाहेरून काळीठिक्कर झाले. ताई घाईत होती. तिने मला दुरुस्तीच्या खोलीतल्या कपाटावर टाकले आणि नवी बॅग आणली.

कपाटावर मी एक वर्ष होते. माझ्यावर धूळ बसली. एका पालीने माझ्या पट्ट्याखाली बिऱ्हाड केले. वाईट वाटले, खूप वाटले. पण मी हातपाय गाळून बसले नाही, कारण खडू माझ्याजवळ होता. त्याला ओल लागू द्यायची नाही, एवढे एकच काम माझ्या हाती उरले होते आणि ते मी चोख केले.

दरम्यान बाईंचे गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले, "बाई, डोंगर चढायचा तर यंदा. पुढच्या वर्षी मी परवानगी देणार नाही." दुसऱ्याच दिवशी बाई कार्यालयात हजर झाल्या. सकाळभर त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून ताईची धावपळ पाहत होत्या. मग त्यांनी शिपायाकडून मला खाली काढून घेतले, छोटा खिसा उघडला आणि खडू बाहेर काढला. वरून तो काळा झाला होता. बाईंनी अंगठ्याने घासला, तर आत निळा निघाला.

"हा अजून निळा आहे," बाई म्हणाल्या. "यंदा जायचं."

"आई, मी कशी येऊ? बघतेयस ना इथलं?"

"सकाळपासून तेच बघतेय. तू प्रत्येकाच्या हातून माऊस काढून घेतेस. वर्गात मुलांच्या हातातली पेन्सिल मी काढून घेतली असती, तर एकाला तरी लिहिता आलं असतं का?"

ताईचा चेहरा लाल झाला. "म्हणजे चूक माझी?"

"निम्मी," बाई म्हणाल्या.

ताई दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी तिने एक जाडजूड वही आणली आणि नेहमीच्या अडचणींचे उपाय लिहून काढले. बाईंनी ती वाचून परत दिली. "हे तू तुझ्यासाठी लिहिलंयस. त्यांच्यासाठी लिही." ताईने पुन्हा लिहिले. एका पानावर एकच अडचण, शेजारी चित्र, आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'पिन लावली आहे का ते बघा'.

इकडे बाईंनी मला तीनदा धुतले. तळाचा डाग गेला नाही तो नाहीच. मग माझ्यात चार बिघडलेले कीबोर्ड भरून त्या रोज सकाळी आपल्याच इमारतीचे तीन मजले चढू-उतरू लागल्या. शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, विकायला काय काढलंय?" बाई थांबल्या नाहीत. "गुडघे," त्या म्हणाल्या. काही दिवशी त्या दुसऱ्या मजल्यावर बसून गुडघे चोळत. त्यांचे डोळे भरून येत आणि ते फक्त मलाच ठाऊक असे. मग कठड्याला धरून उठत आणि तिसरा मजला गाठत.

चार शनिवार दुपारी कार्यालयात बाईंनी वर्ग घेतला. ताई समजावून सांगे आणि तिने कुणाचाही माऊस हातात घेऊ नये म्हणून बाई मागे उभ्या राहत. शेवटच्या शनिवारी काका पुढच्याच खुर्चीवर होते. बाईंनी त्यांना विचारले, "घरातले महत्त्वाचे कागद कुठे ठेवता?"

"कपाटात."

"कचऱ्याच्या डब्यात का नाही? तोही कोपऱ्यात असतो, हाताशी."

सगळे हसले. सगळ्यांत शेवटी काका हसले. ताईने त्यांच्याच हातून त्यांच्या स्क्रीनवर नवी जागा करून घेतली आणि तिला नाव दिले 'कपाट'. ते सगळे वहीच्या सातव्या पानावर होते. जाताना काका बाईंपाशी थांबले. "बाई, त्या वर्षी तुमची बस माझ्यामुळे चुकली ना?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना खोटे बोलता येत नाही.

"यंदा नाही चुकणार," काका म्हणाले आणि वही आपल्या टेबलावर ठेवून घेतली.

या वेळी साहेबांनी ताईच्या अर्जावर सही केली आणि मित्रांनो, आम्ही निघालो! पहिल्यांदा माझ्या अंगाला खरा वारा लागला. ओढा ओलांडताना माझ्यावर पाणी उडाले, मी दगडांवर टेकले, पाइनच्या वाळक्या काड्या माझ्या जाळीत अडकल्या. मी ताईच्या पाठीवर होते आणि बाई पुढे, दोन्ही हातांत काठ्या घेऊन. तिसऱ्या दिवशी बाईंचा उजवा गुडघा सुजला. "आई, फिरूया का मागे?" ताईने विचारले. "दोन महिने कीबोर्ड वाहिलेत मी," बाई म्हणाल्या, "ते मागे फिरायला नाही." आणि पट्टी घट्ट आवळून त्या चालू लागल्या.

चौथ्या दिवशी आम्ही खिंडीत पोहोचलो. तिथे अचानक फोनला रेंज मिळाली आणि टुंग टुंग करत एकवीस संदेश येऊन आदळले. ताई जागच्या जागी थबकली. तिची पाठ ताठ झालेली मला कळली. बाई एका दगडावर बसल्या आणि खाली वाटेकडे बघू लागल्या.

ताईने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'ताई, बंद पडलं.'" मग तिचा आवाज बदलला. "'पिन निघाली होती. लावली.' 'कागद अडकलाय.' 'निघाला.' साहेबांचा आहे, 'पासवर्ड घेत नाही.' पुन्हा साहेब, 'चिठ्ठी सापडली.'" अशी जोडीजोडीने सगळी यादी होती. शेवटचा संदेश काकांचा होता. "'सातव्या पानाने काम झालं. नोंदी कपाटात आहेत. तळं कसं आहे?'"

ताई हसत होती आणि डोळेही पुसत होती. तिने उत्तर लिहिले, 'अजून पाहिलं नाही, आम्ही आत्ता बघतो.' फोन बंद केला आणि माझ्या तळाशी खुपसला.

शेवटचे वळण बाईंनी एकट्याने पार केले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या काठ्या टाकून उभ्या होत्या. खाली तळे होते, निळेशार. पण ते गोल नव्हते. लांबट होते, मध्ये कोपरासारखे वाकलेले, आणि बेटाचा तर पत्ताच नव्हता.

"अगं, तीस वर्षं मी चुकीचं काढत होते!" बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मग त्यांनी माझा छोटा खिसा उघडला. सपाट दगडावर त्यांनी तळे पुन्हा काढले, मान वर करून पाहत, एक कड तळहाताने पुसून पुन्हा नीट करत. "आता बरोबर," त्या म्हणाल्या. उरलेला खडू त्यांनी परत माझ्याकडे दिला.

बाईंची ती पहिली आणि शेवटची चढाई. गुडघे आता डोंगर मानत नाहीत आणि त्या त्याबद्दल कुरकुरत नाहीत. काका मात्र गेल्या महिन्यात निवृत्त झाले आणि दारात येऊन उभे राहिले. "बाई, सॅक मिळेल का? तळं बघून यावं म्हणतो." बाईंनी माझ्यात चार कीबोर्ड भरले. "आधी जिने," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर किंवा कपाटावर एखादी वस्तू पडून असेल, जी कशासाठी आणली होती ते सगळे विसरले असतील. तिला खाली काढा. पुसा, उसवले असेल तिथे टाका घाला आणि तिचे सगळे खिसे उघडून बघा. आणि कुणी शिकत असेल तर त्याच्या हातातले काम ओढून घेऊ नका. वेळ लागतो, लागू द्या.

माझे सांगून झाले. काकांनी कठडा धरला आहे, ते उठत आहेत. तिसरा मजला अजून बाकी आहे.