व्यसनमुक्ती केंद्राच्या कुलपाचे गाऱ्हाणे

मित्रांनो, माझ्या अंगावर कोरलेली अक्षरे आता इतकी पुसट झाली आहेत की, बोट फिरवल्याशिवाय ती जाणवत नाहीत. मी एक जुने पितळी कुलूप आहे. गप्प राहणे हाच माझा धर्म; पण आता ते गप्प राहणे मलाच सोसवत नाही.

माझा जन्म अलीगढचा. तेथून मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानात आले. टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या सिद्धरामअण्णांनी मला तेथून नेले आणि सुताच्या गोदामाला लावले. ते दर महिन्याला माझ्यात तेलाचे दोन थेंब सोडत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "बारा वर्सं झाली, ह्याच्या जिवावर बिनघोर हाय मी." सुताला कोंडून ठेवले म्हणून सुताचे काही बिघडत नाही. माझ्या आयुष्यातला तो निरागस काळ होता.

पुढे कारखाना बंद पडला. अण्णांच्या ओळखीच्या आदिनाथ नावाच्या गृहस्थांनी मोहोळच्या रस्त्यावर एक बंगला भाड्याने घेऊन व्यसनमुक्ती केंद्र उघडले आणि मी त्याच्या लोखंडी फाटकावर चढले. बाहेरच्या बाजूने.

तेव्हापासून माझे कौतुक फार वाढले आणि त्या कौतुकानेच मला गंज चढू लागला. नशेने पोखरलेल्या आपल्या माणसाला घेऊन लोक येत. दमलेले, लाजलेले, कुणी ओळखीचे भेटू नये म्हणून तोंडावर पदर धरलेले. आदिनाथ सर त्यांना आधी माझ्यापाशी आणत. मला तळहातावर तोलत म्हणत, "बघा, अर्धा किलो भरंल. हितनं कोण पळत न्हाय." लोकांचा चेहरा सैल होई. फलकावर डॉक्टरांचे नाव होते. ते नाव फाटकातून चालत आत आलेले मी कधी पाहिले नाही. पण ते येतात कधी, हे कुणी विचारत नसे. मला हात लावून पाहत, मान हलवत आणि आपला माणूस ठेवून जात. मी आतल्या आत खिळ्यासारखे ताठ होत असे. मला तोंड असते तर!

अशाच एका सकाळी गुरम्मा नावाची बाई आपल्या मुलाला, संगमेशला, घेऊन आली. तो टॉवेलच्या पॅकिंगला जाई आणि नशेच्या गोळ्या खाई. तो आत गेला. गोळ्या एकदम सुटल्यावर त्याचे अंग दिवसचे दिवस थरथरत राहिले. उपाय म्हणून त्याच्या डोक्यावर गार पाण्याच्या बादल्या ओतल्या गेल्या. आई भेटायला आली, तेव्हा "नियमात बसत न्हाय" म्हणून तिला फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. तिने माझ्याकडे पाहिले आणि ती समाधानाने गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

तीन महिन्यांनी तो घरी गेला. पंधरवड्यातच पुन्हा गोळ्या सुरू झाल्या आणि गुरम्मा त्याला पुन्हा माझ्यासमोर घेऊन उभी राहिली. या वेळी मोहोळच्या कॉलेजात कारकून असलेली तिची थोरली मुलगी राजेश्वरी सोबत होती.

"सर, डॉक्टर कोणत्या वारी येतात?" राजेश्वरीने विचारले.

"येतात की. गरज पडली की फोन करतो आमी."

"आणि केंद्राच्या नोंदणीचा कागद?"

"ताई, तुमी भावाला ठेवायला आलाय का आमची तपासणी करायला?"

"दोनी," ती शांतपणे म्हणाली आणि आईकडे वळली. "अव्वा, कुर्डुवाडीच्या बाजूला मी एक जागा बघून आले. डॉक्टर रोज येतात. घरच्यांनाही बसवून बोलतात. सुटल्यावर वर्षभर बोलावतात."

"कुलूप लावत्यात का तितं?"

"न्हाय. तो स्वतः हो म्हणला तरच घेतात."

"मग पळून जाईल की गं."

फाटकाला टेकून उभा असलेला संगमेश प्रथमच बोलला. "अव्वा, हितं न्हाय पळालो, ते कुलपामुळं. घरी आल्यावर कुठलं कुलूप हुतं? तीन महिने मला कुणी विचारलं न्हाय, बाबा तू गोळी का खातूस."

गुरम्माने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिने सरांना विचारले, "सर, ह्यो परत का बिघडला?"

"त्याच्या मनालाच जोर न्हाय, मावशी."

"मग तीन महिने त्येच बघायचं हुतं की तुमी."

सरांनी मला तळहातावर घेतले. पण तिने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या आयुष्यात इतका सुखाचा अपमान दुसरा झाला नाही.

"तुला काय वाटतं रं? जातूस तितं?" तिने मुलाला विचारले.

"अक्का म्हणती तितं जातो," तो खाली बघत म्हणाला. "पण रविवारी तू येशील न्हवं?"

"येईन की. बसून बोलत्यात म्हणं."

ती तिघे रस्त्याला लागली. तो बरा झाला की नाही, मला ठाऊक नाही. मला वळणापलीकडचे दिसत नाही. पण इथे अजूनही लोक येतात, मला चाचपतात आणि निश्चिंत होतात.

मित्रांनो, कधी तुमच्या घरातल्या कुणावर अशी वेळ आली, तर तुमच्या थोरांना माझा निरोप सांगा. फाटकाशी थांबू नका, आत चला. डॉक्टरांना डोळ्यांनी पाहा. तिथून बरे होऊन गेलेल्या एखाद्याशी बोला. आपल्याला भेटू देतील का, घरी परतल्यावर पुढे कोण पाहील, हे न लाजता विचारा. आणि ज्याला तिथे राहायचे आहे, त्यालाही विचारा. कुलूप माणसाला थांबवते, मित्रांनो. त्याच्याशी बोलणे तुम्हालाच जमते.